वरच्या चौकीतली ऊब

लिफ्टचं दार मिटता मिटता साहेबांनी बुटाचं टोक मध्ये घातलं. दार कुरकुरत पुन्हा उघडलं. "बाई, एक गोड बातमी द्यायची राहिलीच," ते म्हणाले, "तुमच्या नव्या तंबूंमुळे यंदा वरची चौकी हिवाळ्यात खाली आणायची नाही असं ठरलंय. पोरं वरच राहणार. अभिनंदन!" आणि त्यांनी पाय काढून घेतला. दार मिटलं आणि ती एकटीच खाली जाऊ लागली.

लिफ्टच्या पत्र्यात तिचा चेहरा दिसत होता. तो अजून हसत होता. सकाळपासून बैठकीत कौतुक ऐकताना जे हसू चढवलं होतं ते उतरवायचं राहून गेलं होतं, आणि आता उतरवू म्हटलं तर गाल ऐकेनात. कौतुकही थोडंथोडकं झालं नव्हतं. नव्या अस्तराच्या तंबूत शेगडीला जुन्याच्या निम्मंच इंधन लागतं हे सिद्ध झालं होतं. साहेब सैन्यातले, तंबूंच्या कामावर देखरेखीला नेमलेले. कधी कुणाच्या पाठीवर हात न ठेवणारा माणूस, पण आज त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांत ही बातमी कुठेच नव्हती. वरची चौकी म्हणजे जिथे टिल्लू होता ती. टिल्लू तिचा भाचा, तिच्या गेलेल्या भावाचा एकुलता एक मुलगा. सहा फुटांचा झाला, अंगावर वर्दी चढली, तरी घरात त्याचं टिल्लूच राहिलं. दरवर्षी बर्फाने वाट बुजायच्या आत चौकी गुंडाळून सगळे खाली उतरायचे आणि टिल्लू लांबलचक रजेवर घरी यायचा. तिकडे घरी वहिनी आज त्याच्याच खोलीला रंग देत असणार. खाली लिफ्ट थांबली, दार उघडलं, बाहेर उभी असलेली माणसं तिच्या निघण्याची वाट बघत राहिली. शेवटी कुणी तरी म्हणालं, "मॅडम, उतरताय ना?"

रस्त्यावर आल्यावर ती बसच्या थांब्याकडे न वळता चालतच निघाली. कपड्यांच्या मोठ्या दुकानाचं काचेचं दार सताड उघडं होतं आणि आतला गारवा फुकट फुटपाथवर सांडत होता. इस्त्रीवाल्याच्या टपरीतून वाफ निघून वर विरत होती. तिला हे दिसल्याशिवाय राहायचं नाही. इतकी वर्षं एकच काम केल्यावर नजरच तशी झाली होती; कुठून काय निसटतंय तेवढंच दिसायचं. ही नजर तिला दादाने दिली. दादा, म्हणजे टिल्लूचा बाप, इंधनाचा टँकर चालवायचा. खालच्या डेपोतून डोंगरातल्या चौक्यांपर्यंत. ती कॉलेजात होती, तिची फी तोच भरायचा, आणि सुट्टीत घरी आला की अंगणात पाय पसरून वरच्या गमती सांगायचा. साबणाने कितीही घासले तरी हाताचा डिझेलचा वास जायचा नाही. एकदा वाट बंद पडली म्हणून त्याला तिथेच तंबूत झोपावं लागलं होतं. "काय सांगू तुला," तो म्हणाला, "शेगडी लालबुंद, गुडघे भाजताहेत, आणि पाठीला बर्फ. ऊब जाते कुठे माहितेय? सरळ वर. आम्ही जीव मुठीत धरून हे सगळं चढवून न्यायचं, आणि ह्यांनी तिथे बसून आभाळ तापवायचं!" आणि तो खदाखदा हसला होता. वहिनी आतून ओरडली, हळू, बाळ झोपलंय. पुढच्या पावसाळ्यात एका वळणावर रस्ताच खचला. टँकर दरीत गेला, पेटलासुद्धा नाही. भरून नेलेलं सगळं ओढ्याला मिळालं आणि पुढे कित्येक दिवस खालच्या गावांत पाण्याला तोच वास येत होता. दादाच्या हाताचा.

म्हणून तर ती तंबूंकडे आली. बरोबरीचे सगळे तोफा आणि विमानं असलेल्या विभागांत गेले. त्यांना काचेची इमारत आणि तिला पत्र्याची शेड. "तंबू ठोकायला इंजिनिअर कशाला लागतो?" असं तिला तोंडावर विचारलं जायचं आणि तीही हसून म्हणायची, "खुंट्या मोजायला." मनात मात्र एकच गोष्ट होती, आणि ती तिने कुणालाच, वहिनीलासुद्धा, कधी नीट सांगितली नाही. वर जितकं कमी जळेल तितके टँकर कमी जातील. जितके टँकर कमी, तितके त्या वळणावरून जाणारे ड्रायव्हर कमी. एवढ्यावर तिने उमेदीची वर्षं काढली. लग्नाचं बघायचं राहिलं, ते राहिलंच. तिने आणि गोंद-चिकटपट्ट्यांच्या तज्ज्ञाने, ज्याला सगळी शेड डिंक्या म्हणायची, मिळून किती कापडं वाया घालवली असतील. जमीन ऊब पिते म्हणून खाली जाड थर घातला. दोन कापडांत हवेची पोकळी ठेवली. तरी कुठून तरी गळायचंच, आणि मग लक्षात आलं की सुईच्या भोकांतून गळतंय, प्रत्येक टाक्यातून थोडं थोडं. डिंक्याने त्या शिवणींवर बसवायला पट्टी तयार केली. पहिलं अस्तर तर वहिनीनेच शिवलं. शेडमधला शिंपी आजारी होता, साहेब येणार होते, आणि वहिनीने घरच्या मशीनवर, त्या चकचकीत निसरड्या कापडाला शिव्या घालत ते तडीस नेलं होतं. "माझ्या पोराच्या डोक्यावर राहणार म्हणून शिवतेय हां," ती म्हणाली होती, "नाही तर तुझ्या सरकारला मी रुमालही शिवून दिला नसता." दाराला दोन पडदे ठेवायची कल्पना तिची स्वतःची, एकाआड एक, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा, बाहेरचा उघडताना आतला बंद, म्हणजे गार झोत आत शिरायला नको. थंड खोलीत तंबू उभा करून ती त्या पडद्याशी तास न् तास गाल टेकवून बसायची. शेवटी एक दिवस गालाला काहीच लागलं नाही. त्या दिवशी तिने डिंक्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजला होता.

घरी पोचली तेव्हा वहिनी खुर्चीवर उभी राहून भिंतीला फिका निळा रंग देत होती, केसांना फडकं, नाकावर रंग. "बरी आलीस. हा कोपरा बघ, डाग दिसतोय का?" ती म्हणाली, "नाही." "बैठक कशी झाली?" "चांगली." वहिनीने वळून पाहिलं. "मग तोंड का असं? कुणी काही बोललं?" ती म्हणाली, "दमलेय गं," आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. सांगायला हवं होतं तेव्हाच. पण तोपर्यंत तिच्या डोक्यात वेगळंच काही शिजायला लागलं होतं. तंबू चांगला निघाला म्हणून चौकी वर राहणार. तंबू तितका चांगला नाही असं निघालं तर? तंबूंवर तिचाच शब्द शेवटचा. तिने नुसतं म्हणायचा अवकाश. रात्रभर ती त्या विचाराला इकडून तिकडून चाचपत राहिली, आणि सकाळी तो इतका सरळ, इतका साधा वाटायला लागला होता की तिला स्वतःचीच गंमत वाटली.

साहेबांच्या खोलीत तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "साहेब, शिवणीवरच्या पट्टीची मला खात्री वाटत नाही. ऐन हिवाळ्यातल्या थंडीत ती तडकेल असं दिसतंय. पूर्ण हिवाळ्यासाठी तंबू पास करायला माझी तयारी नाही." बोलताना डिंक्याचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर होता. त्या पट्टीपायी त्याची बोटं कायमची खरबरीत झाली होती. साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. तिला वाटलं होतं ते आरडाओरडा करतील, मग तिलाही आवाज चढवता आला असता.

"ठीक आहे," ते म्हणाले, "मग जुनेच तंबू पाठवू."

"म्हणजे चौकी खाली येईल?"

"चौकी?" साहेबांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "चौकीचा काय संबंध? ते वरून ठरलंय, ते आता कुणाच्या बापाला बदलता यायचं नाही. जुने तंबू म्हणजे इंधन दुप्पट लागेल, एवढंच. वाट बंद व्हायच्या आत टँकर दुप्पट सोडावे लागतील. ड्रायव्हर लोक कुरकुर करतील, करू देत."

खिडकीबाहेर कुणी तरी गाडी धूत होतं, नळीचं पाणी पत्र्यावर आपटल्याचा आवाज येत होता. पावसाळा संपतच आला होता. म्हणजे ओला डोंगर, भुसभुशीत कडा आणि घाईघाईने चढवलेले टँकर. वर जाणाऱ्या त्या वाटेवर किती वळणं आहेत ते तिला ठाऊक नव्हतं. तिला एकच ठाऊक होतं.

"मी पट्टी पुन्हा एकदा तपासते," ती म्हणाली, "कदाचित माझ्याच बघण्यात चूक असेल."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. "घरचं कुणी आहे का वर?"

"भाचा आहे."

"असं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मग तर बाई, तंबू चांगला असणं तुम्हालाच हवंय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ती तो घेऊन घरी गेली असती, कुरवाळला असता. दुपारी तिने शेडमध्ये जाऊन पट्टी पाहिली. पट्टीला काहीही झालेलं नव्हतं. "काय हो, काही गडबड?" डिंक्याने विचारलं. "नाही रे. तुझं काम बघत होते. झकास आहे," ती म्हणाली, आणि तो लाजला.

त्या संध्याकाळी खोलीचा रंग वाळला होता. वहिनी फरशीवरचे शिंतोडे खरवडत होती. तिने दारातूनच सांगितलं, "टिल्लू येत नाहीये यंदा."

"कोण म्हणालं?"

"ऑफिसात कळलं."

"रजा नाकारली?"

"चौकीच उतरत नाहीये. हिवाळाभर वरच राहणार सगळे."

वहिनी हसलीच. "काही तरीच. त्या बर्फात कसे राहतील? राहता येत नाही म्हणून तर दरवर्षी उतरतात."

"यंदा राहता येतंय."

"ते कसं काय?"

ती दाराच्या चौकटीवरचा वाळलेला रंग नखाने काढू लागली. वहिनीच्या हातातली खरवडायची पट्टी फरशीवर थांबली होती. "कसं काय राहता येतंय? बोल की."

"तंबूंमुळे."

"कुठल्या तंबूंमुळे?"

"आपल्या."

वहिनीने खरवडायला पुन्हा सुरुवात केली. एक शिंतोडा निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्यावर ती फार वेळ घासत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "आपल्या म्हणू नकोस. मी नुसत्या शिवणी घातल्या."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. वहिनी भांडायला कच्ची नव्हती. दादा गेल्यावर टँकरच्या मालकाला तिने भर रस्त्यात गाठून सोलून काढलं होतं. पण ह्या वेळी तिने तोंडच उघडलं नाही. गॅस संपलाय. नळवाला येऊन गेला. तुझ्या साडीला इस्त्री करून ठेवलीय. एवढंच. ताट वाढायची, पाणी ठेवायची, तिला ताप आला तेव्हा कपाळावर घड्याही बदलत बसली; पण आधी ऑफिसातून आल्यावर "आज काय दिवे लावलेस?" असं जे विचारायची ते विचारणं गेलं. हिवाळ्यात शहरातही हवा बोचरी झाली. टिल्लूच्या निळ्या खोलीचं दार वहिनी बंद ठेवायची. आठवड्यातून एखाद्या वेळी वरून फोन लागायचा, आवाज खरखरत, तुटत. "आत्या, तुझा तंबू म्हणजे राजवाडा आहे गं! बाहेर डोळ्यांच्या पापण्या गोठताहेत आणि आत आम्ही बनियनवर बसतोय. माझी सख्खी आत्या म्हटलं तर कुणी खरं मानत नाही. म्हणतात, थापा मारतोस." ती म्हणायची, "झरोका उघडा ठेवता ना रे? शेगडीचा वायू कोंडता कामा नये." "ठेवतो गं बाई, ठेवतो. आई कुठंय?" वहिनी फोन घ्यायची आणि तिचा आवाज असा काही गोड, असा उल्हासाचा व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात सगळं कसं छान चाललंय. फोन ठेवला की तो आवाजही ठेवून दिल्यासारखी ती आत निघून जायची. फोनशी एकटी उरलेल्या तिला वाटायचं, आपण काय चुकलो? आपण पट्टी तडकते म्हणून अडून बसलो असतो आणि एखादा टँकर गेला असता तर? त्या ड्रायव्हरच्या घरी कुणी तरी अशीच खोली रंगवत असती. हे सगळं वहिनीला सांगता आलं असतं. ती कितीदा सांगायला म्हणून उठली. पण हे ऐकून वहिनी काय म्हणेल ते तिला आधीच ऐकू यायचं: दुसऱ्यांचे ड्रायव्हर वाचवलेस, छान झालं.

बर्फ वितळल्यावर टिल्लू आला. अंगाने भरला होता, गालांवर तकाकी आली होती. वहिनीने त्याला दारातच चाचपून पाहिलं, बोटं मोजल्यासारखी एकेक धरून पाहिली. सगळी शाबूत होती. पहिले चार दिवस घर भरून गेलं. मग हळूहळू ध्यानात आलं की तो कुठल्याही खोलीत दाराकडे तोंड करूनच बसतो. वहिनी भाजी आणायला बाजारात गेली होती त्या दुपारी तो गच्चीवर तिच्याशेजारी येऊन बसला. ती वाळलेले कपडे काढत होती.

"आत्या, आमचा एक आचारी होता," तो म्हणाला. "आम्ही त्याला मावशी म्हणायचो. सारखा मागे लागायचा, जेवलास का, अजून घे, पोटाला काय झालंय. मोठा भांडखोर. मीठ कमी म्हटलं की डावच उगारायचा."

"मग?"

"मग वादळ लागलं. दिवसच उजाडेना. पहाऱ्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. आधी कसं, आता थोडंच राहिलंय, मग खाली जायचंय, असं असायचं. त्या आशेवर माणूस दम काढतो. यंदा तसं काहीच नव्हतं. नुसतं बसायचं. मस्त ऊब होती, आत्या, खोटं नाही सांगत. बसायचं आणि एकमेकांची तोंडं बघायची. मावशी भांडायचा बंद झाला. मग आग्रह करायचा बंद झाला. एक दिवस दुपारी उठला, पांघरुणाची नीट घडी घातली, माझे पाय ओलांडले आणि म्हणाला, जरा पाय मोकळे करतो. पायात मोजेच होते. आम्हाला वाटलं, दोन पडद्यांच्या मध्ये उभा राहील. तिथं तो रोजच उभा राहायचा."

ती कपड्याची घडी करायची थांबली.

"बाहेरचा पडदा उघडल्याचं आत कळलंच नाही गं," टिल्लू म्हणाला. "जुन्या तंबूत कुणी दाराला हात लावला तरी सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा, शिव्या पडायच्या. ह्याच्यात एक झुळूक आली नाही. आम्ही पत्ते खेळत होतो. डाव संपला तेव्हा कुणी तरी म्हणालं, मावशी कुठंय."

खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. ती म्हणाली, "सापडला?"

"वादळ ओसरल्यावर. लांब नव्हता गेला." मग तो घाईघाईने म्हणाला, "तुझं त्यात काही नाही हं. तू म्हणजे अगदी पक्कं करून ठेवलंयस. आईला नको सांगू." आणि थोडं थांबून, "मी पुन्हा वर जायला नाव दिलंय. तेही आत्ताच नको सांगू."

"का रे बाळा?"

"इथं झोप लागत नाही," तो म्हणाला. "तिथं निदान काय ऐकायचं ते माहितेय, पडदा हलतोय का तेवढंच." त्याने तिच्या हातातल्या कपड्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती चादर घडी केली. तिच्या डोक्यात तो पडदा होता, तिचा गाल होता, आणि गालाला काहीच न लागल्याचा तो आनंद होता.

टिल्लू परत वर गेल्यावर महिन्याभराने पुन्हा बैठक झाली. तेच लांबट टेबल, तीच बिस्किटं. साहेबांनी हिवाळ्याचा अहवाल वाचून दाखवला. इंधनाची बचत अपेक्षेपेक्षा जास्त. वाटेवर एकही अपघात नाही. तंबूत राहणाऱ्यांपैकी थंडीने एकही दगावला नाही. शेजारी बसलेल्या डिंक्याने तिला कोपराने हळूच ढोसलं. टाळ्या वाजल्या, त्या विरल्या, आणि ती म्हणाली, "आणि तो आचारी?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण?"

"वरच्या चौकीतला. वादळात गेला तो."

साहेबांनी बाजूच्या माणसाकडे पाहिलं, त्याने कागद उलटसुलट करून त्यांच्या कानात काही सांगितलं. "हां, तो," साहेब म्हणाले. "वाईट झालं. पण बाई, तो बाहेर होता."

सगळे तिच्याकडे बघत होते. तो बाहेर होता. याच्यावर तिला पुष्कळ काही म्हणायचं होतं. दोन पडदे कशासाठी ठेवले, का ठेवले, त्यांतून काय येऊ दिलं नाही, हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते कुणाला म्हणायचं आणि म्हणून काय मागायचं, हे तिला सुचेना. थोडं गळू द्या, असं म्हणायचं? गळू द्यायचं म्हणजे पुन्हा टँकर. डिंक्याने काळजीने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. साहेबांनी मधल्या काळात भिंतीवर नकाशा लावला होता. वरच्या चौकीच्याही वर, एका धारेवर, त्यांनी बोट ठेवलं. तिथे आजवर कुणी मुक्काम केला नव्हता, जनावरंही राहत नाहीत, ते सांगत होते. पण आता जे इंधन वाचतंय त्यात तिथे एक चौकी बारा महिने ठेवता येईल. पहिल्या तुकडीची नावंसुद्धा आली आहेत, पोरांनी आपणहून दिली आहेत. प्रश्न एकच. तिथे टिकेल असा तंबू लागेल.

"जमेल का, बाई?" साहेबांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं तरी तुकडी जाणारच होती, हे तिला एकदा नीट समजावून झालेलं होतं. तिने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला.

"तिथं वारा किती असतो?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते सांगू लागले. तिने पर्समधून पेन काढलं, आणि ती लिहून घेऊ लागली.